लपवलेला हात

वहीमावशीच्या वहीत चूक निघाली असं कोणी म्हटलं, तर सिनेमाच्या धंद्यातली माणसं आधी म्हणणाऱ्यालाच डोळे तपासून घ्यायला सांगत. तिचं कामच मुळी लक्षात ठेवण्याचं. सिनेमा काही सरळ रेषेत चित्रित होत नाही. नायिका दार उघडते मंगळवारी आणि त्याच दारातून आत येते ती तीन आठवड्यांनी, भलत्याच ठिकाणी उभारलेल्या खोलीत. मधल्या काळात तिच्या कोटाचं वरचं बटण लावलेलं होतं की उघडं, पिशवी कुठल्या खांद्यावर होती, कपात चहा किती उरला होता, हे सगळं एका वहीत लिहिलेलं असे आणि ती वही मावशीच्या मांडीवर असे. छत्तीस वर्षं ती कॅमेऱ्याशेजारच्या स्टुलावर बसत आली होती. तिचं खरं नाव आठवत असेल तर तिच्या नवऱ्याला, आणि तोसुद्धा चिडवायचं असलं की तिला मावशीच म्हणे.

तिचा एक नियम होता. चूक दिसली की उठायचं, चालत जायचं आणि कानात सांगायचं. स्टुलावरून ओरडायचं नाही, माईकवर तर नाहीच नाही. "माणूस चुकला की आधीच अर्धा मेलेला असतो," ती म्हणे. "उरलेला आपण कशाला मारायचा?"

सात वर्षांपूर्वी एका सिनेमात एक हडकुळी मुलगी ट्रे घेऊन आली होती. तिला एकच वाक्य होतं, "सर, तुमचं पाणी." पहिल्या टेकला ट्रे उजव्या हातावर होता, दुसऱ्याला तो डाव्या हातावर आला. मावशी उठली, तिच्यापाशी गेली आणि कानात म्हणाली, "बाळा, उजवा. आणि श्वास घे, इथे कोणी खात नाही." त्या दिवसापासून मावशी तिला ट्रेवाली म्हणायला लागली. ट्रेवालीने पुढे बहिणीची कामं केली, मैत्रिणीची केली, पहिल्या पंधरा मिनिटांत मरणाऱ्या बायकोचं काम तर तीनदा केलं, आणि यंदा एकदाची नायिका झाली. वर्षाच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी जी पाच नावं निघाली त्यांत तिचं नाव होतं. जाणकार म्हणत होते, बाकीच्या चौघींनी नुसतं छान नटून यावं.

सगळ्यांच्या तोंडी एकच प्रसंग होता. सिनेमात ट्रेवाली लाँड्रीत इस्त्री करणारी बाई आहे. सकाळी ती बेसिनच्या आरशासमोर उभी राहून भाजलेल्या हाताला पट्टी बांधते. त्याच दुपारी, दहा वर्षं न बोललेले वडील दारात येऊन उभे राहतात. मी कोणीतरी मोठी होईन असं त्यांना ऐकवून ती घरातून निघालेली असते. आता तिने पट्टी आधीच काढून टाकलेली असते, ती भाजलेला हात स्वेटरच्या खिशात घालते आणि सगळा प्रसंग एका हाताने करते. एका हाताने खुर्ची ओढते. बिस्किटांचा डबा पोटाशी दाबून एका हाताने झाकण उघडायला जाते, झाकण उडून जमिनीवर पडतं आणि ती हसते. वडील वाकून झाकण उचलून देतात. बास, एवढंच. पण थिएटरात धडधाकट पुरुष ढसाढसा रडले.

मावशीने मात्र हा सिनेमा बघितलेला नव्हता. आपले सिनेमे ती बघतच नसे, कारण तिला त्यांत गोष्ट दिसायची नाही, बटणंच दिसायची. तो प्रसंग तिला ठाऊक होता तो वहीतून, आणि वहीत त्या पानावर शेवटी तिने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: "भाजला डावा, लपवतेय उजवा. सहाही टेकमध्ये. चुकली? विचारणे."

पट्टी काढून टाकायची कल्पना ट्रेवालीचीच होती. शॉटच्या दोन मिनिटं आधी ती दिग्दर्शकाला म्हणाली होती, "सर, वडील आले म्हटल्यावर ती पट्टी काढून टाकेल ना? हात लपवेल." सरांनी करून बघ म्हटलं, आणि पहिल्याच टेकला ते "हेच! हेच!" म्हणून खुर्चीतून उठले. मावशीला चुकीचा हात दिसत होता. पण सांगणार कसं? पोरीच्या कॉलरला माईक लावलेला, आणि त्यावर हुं म्हटलं तरी ते अख्ख्या युनिटच्या कानात जाणार. शिवाय पट्टी सुटलेली, भाजल्याची खूण कुठे दिसत नव्हती. कोणाच्या लक्षात येणार होतं? सहावा टेक झाला, माईक निघाला, तेव्हा मावशी तिच्यापाशी गेली. "बाळा, तो हात..." एवढंच म्हणाली. ट्रेवाली तिच्याकडे क्षणभर बघत राहिली, मग हसली. "राहू द्या ना मावशी," म्हणाली आणि कपडे बदलायला पळाली. पोरीची पहिलीच मोठी भूमिका. मावशीने वही मिटली आणि तोंडही मिटलं.

ते मिटलेलं राहतं तर काय हवं होतं!

झालं असं की सिनेमा शिकणाऱ्या मुलांपुढे बोलायला मावशीला बोलावलं. उभ्या आयुष्यात तिला कोणी व्यासपीठावर बसवलं नव्हतं. समोर दीडशे मुलं, टेबलावर फुलं, पाण्याचा ग्लास झाकलेला. मुलं प्रत्येक किश्श्याला हसत होती आणि मावशी हरभऱ्याच्या झाडावर चढत होती. कोणीतरी त्या प्रसंगाबद्दल विचारलं. "तो खिशातला हात?" मावशी म्हणाली. "अरे, चुकीचा हात आहे तो! भाजला डावा आणि आमच्या पोरीने लपवला उजवा. आणि सगळं जग आपलं रडतंय!" मुलं खो खो हसली. मावशीही हसली. फार कौतुकाने बोलली होती हो ती, मायेने बोलली होती. पण बोलली ती माईकवर.

दुसऱ्या दिवशी ती वाक्यं हजारो फोनवर होती. तिसऱ्या दिवशी लोकांनी आरशाचा प्रसंग थांबवून थांबवून बघितला आणि ते म्हणाले, बघा, पट्टी डाव्याच हाताला दिसतेय. दोघाचौघांनी म्हटलं, अहो, आरसा आहे तो. पण त्यांचं कोण ऐकणार? खुद्द वहीवाली बाई सांगत होती. आदल्या आठवड्यात ज्यांनी त्या हातावर रकाने भरले होते, ते आता लिहू लागले की मुलगी गोड आहे पण कच्ची आहे. पत्रकारांनी ट्रेवालीला गाठून विचारलं. ती म्हणाली, "मावशी म्हणतात ना? मग तसंच असेल. त्यांच्या वहीत चूक नसते."

हे मावशीने वाचलं. तिने फोन लावला. "बाळा, माझी जीभ झडो."

"झडू नका. उद्या माझ्याच सिनेमाला वही लिहायची आहे तुम्हाला."

"बक्षीस गेलं तर?"

"मला हवंय ते, मावशी," ट्रेवाली म्हणाली. "तुमच्याशी खोटं कशाला बोलू? फार हवंय. आरशासमोर उभी राहून भाषणसुद्धा म्हणून बघितलंय. पण जायचं असेल तर जाईल."

मावशीचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. उभा जन्म त्याने काचेच्या आतल्या बाजूने उलटी अक्षरं काढली होती, बाहेरच्यांना सुलटी दिसावीत म्हणून. त्याने चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "तो आरशातला प्रसंग ना? तू नीट बघितलं होतंस ना गं?"

"चार अक्षरं उलटी काढली म्हणून मला शिकवू नका," मावशी फणकारली. तिला राग आला होता, कारण नीट बघण्याचा विषय तिला नको होता. वर्षभरापासून तिच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं होतं. मोतीबिंदू आहे, काढून टाका, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. पण आंधळी वहीमावशी कोणाला हवी असते? सरांच्या पुढच्या सिनेमाचं काम तिला कबूल झालं होतं. तो झाला की बघू, असं ती स्वतःलाच सांगत होती.

मग प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या बाईचा फोन आला. त्या बाईचा आवाज नेहमी धावत्या जिन्यावर असल्यासारखा. "बक्षिसाचं मतदान रविवारी संपतंय. शनिवारी सकाळी मत देणाऱ्या सभासदांसाठी खेळ आहे, नंतर गप्पा. तुम्ही या आणि सांगा, मी गंमत केली म्हणून."

"म्हणजे खोटं बोलू?"

"गोड बोला," ती बाई म्हणाली.

मावशी गेली, नवऱ्याला बरोबर घेऊन. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. सवयीने वही मात्र पिशवीत होती. दोघं शेवटून दुसऱ्या रांगेत बसले आणि आपला सिनेमा मावशी पहिल्यांदाच पडद्यावर बघू लागली. धुक्यातून का होईना, पोरगी दिसत होती. काय सुरेख करत होती! मावशीला बटणं दिसेनात, गोष्टच दिसायला लागली.

आरशाचा प्रसंग आला. तेव्हाचं तिला आठवलं. मोरी एवढी चिंचोळी की आत कॅमेरा आणि पोरगी, बास. मावशीचं स्टूल बाहेर, समोर छोटा मॉनिटर, आणि डोळ्यांत सकाळीच घातलेले थेंब. पडद्यावर ट्रेवाली दातांत टोक धरून पट्टी बांधत होती. तिच्यामागे भिंतीवर एक मोठं कॅलेंडर होतं. शेजारी नवऱ्याचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटताय?" तिने हळूच विचारलं.

"कॅलेंडर वाचतोय. अक्षरं उलटी आहेत. मस्त काढलीत."

"काढतील कशाला, आरशात उलटी दिसणारच की..." मावशी म्हणाली आणि तिचे शब्द तोंडातच राहिले.

नवऱ्याच्या फोनच्या उजेडात तिने वही उघडली. आरशातून घेतलेला शॉट असला की ती पानावर आडवं, लाल पेन्सिलीने 'आरसा' असं लिहायची, म्हणजे पुढे डाव्या-उजव्याचा घोळ नको. छत्तीस वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं. या पानावर लाल अक्षर नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, "पट्टी: डावा हात."

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. पट्टी खरी उजव्या हाताला होती. तीन आठवड्यांनी मेकअपवाल्याने वहीत बघून ती डाव्या हाताला बांधली. ट्रेवाली सेटवर आली, तिने हात बघितला, कॉलरचा माईक बघितला, स्टुलावरची मावशी बघितली आणि दोन मिनिटांत पट्टी काढून टाकायची कल्पना काढली. पोरीने बरोबर तोच हात लपवला होता. त्याबरोबर मावशीची चूकही लपवली होती. आणि त्या चुकीचं बिल मावशीने, फुलांच्या टेबलामागे बसून, हसत हसत तिच्याच नावावर फाडलं होतं. मावशीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दिवे लागले. स्टेजवर तीन खुर्च्या मांडल्या, सर बसले, ट्रेवाली बसली, वडिलांचं काम करणारे म्हातारे नट बसले. तरीही मावशीच्या मनात आलंच, खोटं कशाला बोलू, आलंच, की गंमत केली म्हणावं आणि सुटावं. पण मग लोक म्हणणार, म्हातारी पोरीला सांभाळून घेतेय. पोरीला वाचवायला वही लागणार होती, आणि वही उघडली की मावशी उघडी पडणार होती. पुढचा सिनेमा जाणार. नाव जाणार. दुसरं काही तर तिने कमावलंच नव्हतं.

पुढच्या रांगेतले एक निवृत्त कॅमेरामन उठले. जाडजूड मिशा, हातात काठी. "मला मत द्यायचंय म्हणून विचारतो," ते म्हणाले. "चुकीचा हात लपवलात हे खरं का?"

ट्रेवालीने माईक उचलला. "मावशी म्हणतात तर..."

"मावशी चुकली!" मागून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. मावशी उभी होती. कोणीतरी तिच्या हातात माईक दिला. तिने वही नवऱ्यापुढे केली आणि माईक दोन्ही हातांनी धरला. त्याने ती पान उघडून तिच्या डाव्या डोळ्यासमोर धरली.

"दुसऱ्याची चूक मी कानात सांगते," ती म्हणाली. "ही माझी आहे, म्हणून माईकवर सांगते. आरशातलं बघून मी डावा हात लिहिला. भाजला होता उजवा. हिने सेटवर ते ओळखलं आणि मला कोणी बोलू नये म्हणून पट्टीच काढून टाकली. आता ऐका. पहिला टेक, 'बसा' म्हणताना उजवा हात खिशात. दुसरा टेक, 'बसा' म्हणताना उजवा हात खिशात. तिसरा, चौथा, पाचवा, तसंच. सहावा टेक, डब्याचं झाकण उडालं. ते ठरलेलं नव्हतं. उजवा हात निघायला लागला, मनगटापर्यंत आला, परत आत गेला. मग हसली." तिने वर बघितलं. "हे त्याच दिवशी लिहिलंय मी. माझ्या मूर्खपणाने चूक म्हणून लिहिलंय. हे जर कच्चं काम असेल, तर पक्कं काम मी बघितलेलंच नाही. आणि सर, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तेही लपवलं होतं. झालं माझं."

मिशावाले कॅमेरामन काठी टेकून मागे वळले.

"कुठल्या डोळ्यात?"

"उजव्या."

"नक्की?"

आधी सर हसले, मग सगळं सभागृह. मावशी हसता हसता रडायला लागली, आणि नवऱ्याने तिला हात धरून खाली बसवलं.

नंतर मागच्या व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाजवळ, ट्रेवालीने तिला गाठलं. मावशी तिच्यावरच तुटून पडली. "तेव्हाच का नाही गं सांगितलंस मला?"

"कॉलरला माईक होता ना. आणि त्याच सकाळी सर तुमच्या चष्म्यावरून बोलले होते, सगळ्यांदेखत. कानात सांगायचं, हे तुम्हीच शिकवलंत. कानात सांगायची सोय नव्हती, मग काय करू?"

"आणि नंतर? पेपरवाल्यांनी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा तर कान फारच लांब होता," ट्रेवाली म्हणाली. मावशीने तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

बक्षीस मिळालं नाही. चार मतांनी गेलं असं बाहेर आलं. शनिवारच्या आधीच निम्म्याहून जास्त सभासदांनी मतं देऊन टाकली होती, ही गोष्ट मावशीला प्रसिद्धीवाल्या बाईने सांगितली, आणि नसती सांगितली तर बरं झालं असतं. समारंभ मावशीने घरी टीव्हीवर बघितला, एका डोळ्यावर पट्टी, ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेले. बक्षीस घ्यायला पाचव्यांदा नाव आलेली एक बुजुर्ग अभिनेत्री गेली. ट्रेवाली उभी राहून टाळ्या वाजवत होती, दोन्ही हातांनी.

"रडू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय," नवरा म्हणत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"गाडीत भरपूर रडले," ट्रेवाली म्हणाली. "तुमच्या वाटचंही रडले, तुम्ही डोळा सांभाळा."

"माझ्या जिभेने गेलं गं."

"थोडं तुमच्या जिभेने," ती म्हणाली. ती कधी उगाच गोड बोलायची नाही. "थोडं त्या बाई माझ्याहून चांगल्या होत्या म्हणून. झोपा आता."

चार महिन्यांनी सरांचा नवा सिनेमा सुरू झाला, नायिका पुन्हा ट्रेवालीच. सरांनी बोलावणं धाडलं होतं, डोळ्याचं प्रमाणपत्र घेऊन या, असा वर टोमणा मारून. मावशी स्टुलावर बसली. कोरी वही, नवा चष्मा, आणि दोन टोकदार लाल पेन्सिली. नवखी असल्यासारखी ती सारखा चष्मा पुसत होती. आजूबाजूची पोरं आपल्याकडेच बघतायत असं तिला वाटत होतं, आणि ती बघतही होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच शॉटला ट्रेवाली जागेवरून हलली. कॉलरचा माईक काढून तिने साउंडवाल्याच्या हातात दिला, स्टुलापाशी आली आणि मावशीच्या कानाशी वाकली.

"मावशी, रागावू नका. केसातली क्लिप. वहीत डावीकडे लिहिलंय, पण काल उजवीकडे होती. माझ्याकडे फोटो आहे."

मावशीने वहीत बघितलं. पुन्हा? ट्रेवालीने तळहाताच्या आडोशाने फोन पुढे केला. फोटोत ती हसत होती, क्लिप उजवीकडे, मागे चहाच्या दुकानाची पाटी. मावशीने नव्या डोळ्याने पाटी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच अक्षराला थांबली. मग तिने ट्रेवालीचा कान धरून तिला आणखी जवळ ओढलं.

"सेल्फी आहे हा. उलटा येतो," ती कुजबुजली. "बाळा, डावीकडेच. आणि श्वास घे, इथे कोणी खात नाही."

ट्रेवालीने क्लिप डावीकडे लावली आणि माईक परत मागितला.

"काय झालं?" साउंडवाल्याने विचारलं.

"काही नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.